मागेल त्याला रंग

इंदूवहिनींच्या हातात कुठलीही वस्तू आली की त्या आधी तिच्याकडे संशयाने बघत, मग नखाने जरा खरवडत, आणि मग विचारत, “हे उकळलं तं रंग देते का वं?” डाळिंबाची साल, दसऱ्याच्या हारातला शिळा झेंडू, चहाचा चोथा, अक्रोडाची टरफलं, कशाचीच त्यांच्या हातून सुटका नव्हती. माझी आणि त्यांची पहिली भेट झाली तीच मुळी माझ्या कचऱ्याच्या डब्यापाशी. जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या इस्टेटमध्ये आमच्या शेजारचं क्वार्टर बरेच दिवस रिकामं होतं. एका सकाळी मी कांद्याची सालं टाकायला बाहेर आले, तर कुंपणापलीकडून एक उंच, सावळी बाई ओरडली, “अवं, फेकून काहून राहिली? मले दे ना!” मी टोपली पुढे केली. संध्याकाळी त्यांच्या दोरीवर लोकरीची एक लड वाळत होती, आमरसाच्या रंगाची. मी बघतच राहिले, आणि त्याच क्षणी ती बाई माझ्या मनातून उतरली.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत लोकरीवर हुकूम माझा चालायचा. माझ्या माहेरचे लोक मराठ्यांच्या चाकरीत कधीतरी जबलपूरला आले ते इथलेच झाले; शेती नाही, वाडा नाही, वारसा म्हणून मला आईकडून मिळाल्या त्या विणायच्या सुया. जबलपूरची थंडी काही काश्मीरची नव्हे, पण पहाटेच्या पाळीला सायकलवरून निघालेल्या माणसाचे कान तोडायला पुरेशी आहे. ओळीतल्या निम्म्या पुरुषांच्या अंगात माझ्या हातचे स्वेटर होते. शहरातल्या सदर बाजारात जायचं, गिरणीच्या लोकरीचे गोळे आणायचे, आणि जाळीची, वेणीची, पानांची अशी वीण घालायची की बघणाऱ्याने हात लावून विचारावं, “ये कैसे किया, सरोज दीदी?” त्या प्रश्नावर मी जगत होते म्हटलं तरी चालेल. माझ्या घरात तो प्रश्न कोणी विचारायचं नाही. ह्यांना मी लग्न झाल्यापासून स्वेटर विणून देत आले, आणि हे ते मुकाट्याने अंगात घालत आले. चांगला आहे नाही की वाईट आहे नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, “गरम आहे.”

अशा माणसाने एक दिवस फॅक्टरीतून येताना सायकल कुंपणाशी थांबवली, शेजारच्या दोरीकडे पाहिलं आणि म्हटलं, “काय सुरेख रंग आहे ग!” सुरेख हा शब्द ह्यांना येतो हे मला तेव्हा कळलं.

इंदूवहिनींचे यजमान फॅक्टरीत वरच्या ग्रेडला होते. मंडळी मूळची भंडाऱ्याकडची. घरात बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि बुद्धवंदनेला जाताना वहिनींच्या अंगावर पांढरीशुभ्र साडी. एरवी मात्र साडीवर कसले ना कसले डाग. व्हरांड्यात सिगडी पेटलेली, तिच्यावर जर्मनचा गंज, म्हणजे आपलं अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं, आणि त्यात काहीतरी रटरटतंय. गिरणीची रंगीत लोकर त्या हातात धरत नसत. दुकानातून कोरी पांढरी लोकर आणायच्या, तिच्या लडी करायच्या, तुरटीच्या पाण्यात भिजत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी रंगात सोडायच्या. त्यांचा भाऊ जवळच कुंडम गावी नोकरीला होता. तो जंगलातल्या झाडांवरची कच्ची लाख आणून द्यायचा. तिच्यातून त्या असा लाल रंग काढत की सदरच्या दुकानातल्या सगळ्या लाल लोकरी त्याच्यापुढे आजारी वाटाव्या.

त्यांचं सगळंच साधायचं असं मुळीच नाही, आणि हे सांगताना मला आनंद होतो आहे. बीट उकळून काढलेला गुलाबी रंग चार दिवसांत पळून गेला. जांभळांपासून जांभळा होईल म्हणून टोपलीभर जांभळं खर्ची घातली, तर लोकर राखेच्या रंगाची झाली आणि त्याच पाण्यात पडलेले भाऊजींचे बनियन जांभळे. भाऊजी ते घालून अंगणात फिरले तेव्हा मी खिडकीच्या आड पोट धरून हसले. पण वहिनींचा चेहरा पडेल तर शपथ. “बिघडला नाही वं,” त्या म्हणाल्या, “दुसरा आला. ज्याले बोलावलं तो नाही आला, हा आला. आता याले का हाकलून देऊ?” लोकरीविषयी त्या बोलत ते सासुरवाशिणीविषयी बोलावं तसं. “गरम पाण्यातून एकदम थंड्यात टाकायचं नाही. घाबरते ते. घाबरली का आटते, अन् आटली का मंग कोणाच्या अंगाले येत नाही.”

सगळ्यांत नामी होता तो त्यांचा टेसूचा रंग. टेसू म्हणजे पळसाची फुलं. फागुनात आमच्या इस्टेटच्या कडेचे पळस पेटले की वहिनी पदराची झोळी करून निघायच्या. फुलं उकळून, गाळून, शेवटी पानाच्या चुन्याची बोटभर निवळी घातली की पिवळ्याचा केशरी व्हायचा. हा केशरी डोळ्यांत खुपत नसे. सकाळी पडदा सरकवल्यावर भिंतीवर पडतो तसा तो लोकरीवर पडलेला असे. मला तो हवा होता. इतका हवा होता की मला रागच येई.

मग मागायचा की, असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर सगळं अडलं.

वहिनी कोणालाही रंग द्यायच्या. ओळीतल्या कोणत्याही बाईने म्हणावं, “इंदू जी, एक स्वेटर का रंग दे दीजिए,” की झालं. पण न मागता कोणालाही काही द्यायच्या नाहीत. दारात उभी असलेली बाई लडीवरून हात फिरवत “अहाहा” म्हणत राहिली तरी वहिनी ढिम्म. “मागन तं देईन,” इतकंच. हे त्यांचं व्रत मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं, आणि तेही चांगलंच. थंडीत त्यांच्या अंगावर एक जुनाट मरून रंगाचं कार्डिगन असायचं, कोपरांवर विरलेलं. मी आपली चांगल्या मनाने माझा एक स्वेटर धुऊन, घडी करून घेऊन गेले. जरासाच वापरलेला. त्यांनी घडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी मागितलं होतं का वं?”

“नाही, पण मला वाटलं...”

“तुले वाटलं. मले नाही वाटलं.” आवाज चढला नव्हता. मला पाटावर बसवून त्यांनी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत सांगितलं. “आमच्या गावात माह्या मायले लोक न मागता लुगडे देत. जुने, उतरलेले. अन् देताना असे देत का घेणाराची मान खाली जायची. माय घे नाही. ते म्हणे, ज्यानं मागितलं नाही त्याले देणं म्हंजे त्याले आपल्यापेक्षा लहान करणं आहे. मागू दे त्याले. मागणाराची मान वर असते, त्याले काय पाहिजे ते त्याले माहीत असते.” मी चहा प्याले आणि स्वेटर काखेत मारून परत आले. पटलं का? आज विचाराल तर हो. त्या दिवशी माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आमच्याकडे मागणं म्हणजे मिंधेपणा. “मागून मिळालेलं पुरत नाही,” असं आमची आई म्हणायची. तेव्हा मी ठरवलं, या बाईकडे मी जन्मात काही मागणार नाही. आणि वहिनींनी बहुधा ठरवलं, मागितल्याशिवाय हिला काही द्यायचं नाही. झालं, जुंपली.

आता यातली खरी गंमत पुढे आहे. वहिनींना विणता येत नव्हतं. सुया हातात घेतल्या की दोन ओळींत एक टाका गळायचा. तेव्हा ओळीतल्या बायका त्यांच्याकडून रंगवलेली लोकर घ्यायच्या आणि विणायला घेऊन यायच्या कोणाकडे? माझ्याकडे. पहिल्या आल्या पलीकडच्या तिवारी भाभी. टेसूच्या लडी माझ्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, “दीदी, ज़रा रंग देखिए! इंदू जी के हाथ में तो जादू है, जादू!” मी त्या स्वेटरवर जीव ओतला. पुढे वेण्या, मधून पानांची नक्षी, गळ्याला दुहेरी काठ. भाभी तो घालून ओळभर मिरवल्या आणि संध्याकाळी येऊन मला काय सांगितलं, तर, “सब पूछ रहे थे, रंग कहाँ से आया!” विणीचं नावसुद्धा नाही. मी म्हटलं, “और बुनाई?” तर म्हणाल्या, “हाँ हाँ, बुनाई भी अच्छी है. बुन तो सब लेते हैं, दीदी.”

त्यानंतरचे सगळे हिवाळे असेच गेले. घरात माझ्या मांडीवर सदैव त्या बाईचा कुठला ना कुठला रंग. लाखेचा लाल, कांद्याचा सोनेरी, टेसूचा केशरी, एकामागून एक माझ्या बोटांतून सरकत जायचे आणि दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसायचे. हे पेपर वाचता वाचता मान वर करून म्हणायचे, “हा कोणाचा ग? रंग फार छान आहे.” माझ्या सुया इतक्या जोरात वाजायच्या की हे पुन्हा पेपरात शिरायचे. मी स्वतः मात्र गिरणीची निळी लोकर घालून फिरत होते. मत्सर मत्सर म्हणतात तो असतो कसा हे मला कोणी विचारलं, तर मी सांगेन, दुसऱ्याच्या रंगाचा स्वेटर तिसऱ्यासाठी विणण्यासारखा असतो.

शेवटी एका फागुनात मी ठरवलं, आपणच काढू. त्यात काय आहे? फुलं झाडाची, तुरटी दुकानातली, चुना पानाच्या डब्यातला. कुंपणापलीकडून इतकी वर्षं बघून मला सगळं पाठ झालं होतं. वहिनी भंडाऱ्याला गेल्या आहेत असं बघून मी ह्यांना पळसाखाली पाठवलं. हे फुलं घेऊन आले तेव्हा चोरून आंबे पाडून आणल्यासारखे दिसत होते. लोकर भिजवली. एवढी फुलं मावतील असं भांडं घरात एकच होतं, दिवाळीत चिवडा होतो ती थोरली लोखंडी कढई. तीच ठेवली गॅसवर. पाणी पिवळं झालं, मग केशरी, आणि माझ्या मनात नुसत्या टाळ्या वाजत होत्या. लोकर आत सोडली. थोड्या वेळाने चिमट्याने वर काढली, तर हिरवट काळी! पाण्याच्या टाकीच्या तळाशी साचतं ना शेवाळ, अगदी तसली. पुन्हा बुडवली, तर आणखी काळवंडली. संध्याकाळी हे म्हणाले, “हे काय, फॅक्टरीतल्या पेट्यांच्या रंगाचं?” तिवारी भाभींनी नाक मुरडून, “दीदी, ये गोबर में गिर गया क्या?” असं विचारलं. मी ती लड न्हाणीघरात, कोणाला दिसणार नाही अशी टांगली.

पण वहिनी एक दिवस आधीच परतल्या आणि थेट आमच्या न्हाणीघरात पाय धुवायला गेल्या, कारण त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. मला तिथे टांगलेली लड आठवली. मी धावले. त्या लडीचं टोक दोन बोटांत धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी चटकन ओळखलं, कारण ते रोज मी माझ्या आरशात बघत होते.

“हा कशानं आला वं?”

“असाच,” मी म्हटलं.

“माह्याकडून कधी नाही आला हा.” त्यांनी लड नाकाशी नेऊन हुंगली. “टेसूच आहे. पण टेसूतून हा निघते कसा?” खरं तर मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. पण कढईच्या कडेला आलेली काळी रेघ मी पाहिली होती आणि मला अंदाज आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे त्या बाईला हवं असलेलं काहीतरी होतं. मी कढई माळ्यावर टाकली आणि वर जुनं गोणपाट झाकलं. पुढचा सबंध उन्हाळा वहिनींच्या सिगडीवर टेसू उकळत होता. पानं घालून पाहिली, शेण घालून पाहिलं, काळी माती घालून पाहिली. तो शेवाळी काही आला नाही. मला त्या उन्हाळ्यात झोप फार छान लागली.

मग भाऊजी रिटायर झाले. इस्टेटीत रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, त्याला इलाज नाही. भंडाऱ्याला त्यांनी घर बांधलं होतं. निघायच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. सामान चढलं, सगळ्यांचे निरोप झाले, तिवारी भाभी रडल्या. मी माझ्या दारातच उभी होते. वहिनी कुंपणाला वळसा घालून आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या.

“सरोज, एक मागतो तुले.”

“मागा ना, वहिनी.”

“तो हिरवा तू कसा काढला, ते सांग मले. मी लय डोकं लावलं. नाही जमलं. जातानी मागून राहिली.”

त्यांनी मान वर करून, सरळ माझ्याकडे बघत मागितलं. ओळीत रंग त्यांचा म्हणून नाव होतं, आणि ही बाई चार लोक बघत असताना माझ्या पायरीवर बसून मला रंग विचारत होती, जशी कोणी वाटीभर साखर मागावी. त्यांच्या लाल रंगाचा मी हेवा केला होता, केशरीचा केला होता, ह्यांच्या “सुरेख”चा केला होता. पण त्या क्षणी मला त्यांच्या त्या मागण्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कशाचाच कधी वाटला नव्हता. हे मला येत नव्हतं. आयुष्यात कधी आलं नव्हतं.

“लोखंड,” मी म्हटलं. “लोखंडाच्या कढईत केला.”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “माय वं! चिवड्याच्या कढईत!” आणि त्या इतक्या हसल्या की टेम्पोवाला वळून बघू लागला. हसता हसता म्हणाल्या, “मी किती जळली वं तुह्यावर! त्या हिरव्याचं तं सोड. ते तिवारीन येऊन सांगे, ‘इंदू जी, सरोज दीदी के हाथ में जादू है. रंग तो कोई भी चढ़ा ले.’ दर हिवाळ्यात सांगे. मी म्हणो, मी एवढ्या आगीजवळ मरतो, अन् नाव हिच्या सुयांचं!”

म्हणजे भाभी मला येऊन रंग सांगायच्या, आणि त्यांना जाऊन वीण! भाऊजींनी टेम्पोतून हाक मारली. वहिनी उठल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि तशाच बसून राहिल्या, माझ्याकडे बघत. कशाची वाट बघताहेत ते मला कळत होतं.

“इंदूवहिनी,” मी म्हटलं, “मला तुमचा टेसूचा द्या. एका स्वेटरचा.”

“आता म्हणते!” त्या उठल्या, थेट टेम्पोपाशी गेल्या आणि अर्धं सामान खाली उतरवायला लावलं. गंज निघाला, सिगडी निघाली, वाळल्या फुलांचं पोतं निघालं. भाऊजी ओरडले, “अवं, काय करून राहिली? गोंदियाच्या रस्त्याले अंधार होईन!” वहिनी म्हणाल्या, “होऊ द्या. तिनं मागितलं आहे.” माझ्याजवळ कोरी पांढरी लोकर होती, ती कधीची आणून ठेवली होती, ते मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तुरटीत ती रात्रभर भिजायला हवी होती. तेवढा वेळ नव्हता. रिकाम्या व्हरांड्यात आम्ही दोघी सिगडीजवळ बसलो, आणि टेम्पोवाला ह्यांच्याबरोबर चहा पीत बसला. केशरी आला. जरा फिकाच आला. वहिनींनी ओली लड माझ्या हातात दिली.

“घाईचा आहे. उडन,” त्या म्हणाल्या. “उडला का पुन्हा मागजो.”

त्या लोकरीचा मी पहिल्यांदा स्वतःसाठी स्वेटर विणला. मला येत होती नव्हती ती सगळी वीण त्यात घातली. पुढच्या थंडीत रंग उतरू लागला तेव्हा मी मनाशी जुळवणी करत होते: फागुन आला की भंडाऱ्याला जाऊ, दारातच म्हणू, “वहिनी, मागायला आले.” आता ते जमलं असतं मला. पण संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्या सुनेचा फोन आला. वहिनी थोड्याशा दुखण्याने गेल्या होत्या. सून म्हणाली, “आईजींचं स्वतःचं काहीच नव्हतं हो, मावशी. इतके रंग काढले, एक लड स्वतःसाठी नाही ठेवली.” त्यांच्यामागे घरी ठेवलेल्या वंदनेच्या दिवशी मी भंडाऱ्याला जाऊन आले. सगळ्या बायका पांढऱ्या साडीत बसल्या होत्या आणि मी टेसूच्या फिक्या स्वेटरात त्यांच्यामध्ये बसले.

आता तो स्वेटर जवळजवळ पांढरा झाला आहे. ओळीतल्या इतर बायकांचे अजून झळकतात. त्यांनी वेळेवर मागितले होते. मी अजून जळते. परवा कपाट आवरताना तो ह्यांच्या हाती लागला. ह्यांनी चष्मा लावला, उजेडात धरला, वेण्यांवरून, पानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “काय सुरेख वीण आहे ग!”

इतक्या वर्षांनी ते वाक्य आलं. मी स्वेटर त्यांच्या हातातून ओढून घेतला.

“विणीचं काय घेऊन बसलात,” मी म्हटलं, “रंग आठवतोय का याचा?”